मदत हवी आहे : सह्याद्रीचे वर्गीकरण नेमके कसे करावे?

भूगोलाच्या वर्गासाठी टिपण तयार करताना एका प्रश्नापाशी अडले आहे, जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. सह्याद्रीला कोणी गट पर्वत (भूकवचाला भेगा पडून उचलला गेलेला ठोकळा) म्हणतात, कोणी अवशिष्ट (झिजून उरलेला). परंतु घाटमाथ्यावरून पूर्वेकडे जमीन हळूहळू उतरत जाते आणि पश्चिमेला कडा एकदम तुटतो, हे पाहता ती दख्खनच्या पठाराची झिजत मागे सरकलेली कड आहे, हेच मला अधिक पटते. शिवाय हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यात बेसाल्टचे (लाव्हा थंड होऊन बनलेल्या खडकाचे) आडवे थर स्वच्छ मोजता येतात, तर केरळमधील पालघाट खिंडीच्या दक्षिणेला, 2695 मीटर उंच अनैमुडी शिखराच्या परिसरात, खडक त्याहून कितीतरी प्राचीन आहेत. मग हे दोन्ही भाग एकाच वर्गात बसवावेत का? आणि 1646 मीटर उंचीचे कळसूबाई मुख्य धारेत धरावे, की पूर्वेकडे फुटलेल्या उपरांगेत?