मदत हवी आहे : द्विशिक्षकी शाळेत विषयमित्र कसे जमवायचे?

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र शिकवते. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगर शाळेसारखी विषयमित्र पद्धत सुरू करायची आहे, म्हणजे मुलांनीच एकमेकांना शिकवायचं.

अडचण अशी, की दोन-तीन हुशार मुलंच कायम शिकवतात. बाकीची माना डोलावतात. माझ्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुलंही आहेत. दिवाळीच्या सुमारास ती आईवडिलांबरोबर कारखान्यावर जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांचा बुडालेला अभ्यास सोबत्यांनीच भरून काढावा, असं मला मनापासून वाटतं. सरकारी शाळा याच मुलांसाठी आहे ना! पण आल्या आल्या त्यांना ‘शिकणाऱ्या’ बाजूला बसवलं की ती आणखी मिटतात. त्यांनाही शिकवण्याची पाळी कशी द्यावी? जोड्या किती दिवसांनी बदलाव्यात? विषयमित्राने भागाकाराची रीतच चुकीची सांगितली, तर ते वेळेत कसं ओळखता?

काही पालक म्हणतात, ‘बाई, आमची पोरगी शिकायला येते, शिकवायला नाही.’ शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत त्यांना काय दाखवलंत की पटलं?

बहुवर्ग अध्यापन करणाऱ्यांनी कृपया आपलं वेळापत्रक इथे टाकावं. फोटो चालेल.