बाबांच्या बोलण्याच्या सरावासाठी मराठी ॲप सुचवा (नागपूर)

धरमपेठची_लेक: दिवाळीनंतर बाबांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. हात बराच सुधारला, बोलणं मात्र अडलंय. डॉक्टर ॲफेजिया म्हणतात, म्हणजे बोलताना शब्दच सापडत नाहीत. समजतं सगळं, चहा हवा असला की कपाकडे बोट दाखवतात, "ते... ते..." करतात आणि चिडतात. थेरपी सुरू आहे. मधल्या दिवसांत घरी करायला काही सांगा. इंग्रजी नको, फोन ॲन्ड्रॉइड.

सावजी_रस्सा: ताई, टॅक्टस आणि कॉन्स्टंट थेरपी ही नावं सगळीकडे दिसतील. ॲपं चांगली, पण मराठी नाही. पैसे भरायच्या आधी भाषा बघा. आमचे काका महिनाभर "ॲपल, ॲपल" करून राहिले होते. घरात ॲपल म्हणतं कोण?

संत्राबर्फी: जेलो बघा. आयआयटी मुंबईचं आहे, फुकट, मराठी चालतं. चित्र दाबलं की फोन बोलतो. चित्रं जरा लेकरांची वाटतील, कारण ते मुळात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलंय.

धरमपेठची_लेक: पण मग आयतं बोलणारं मिळाल्यावर बाबा प्रयत्नच सोडणार नाहीत नं?

वाचा_आणि_बोला: मी स्पीच थेरपिस्ट आहे. नाही सोडणार. उलट चिडचिड कमी झाली की माणूस तोंड उघडतो. फक्त जेलो हे गरज सांगायचं साधन आहे, सराव वेगळा करावा लागेल.

त्यासाठी फोनचा कॅमेरा पुरे. घरातल्या रोजच्या वस्तूंचे फोटो काढा. एक दाखवा आणि गप्प बसा. घरच्यांना हेच जमत नाही, लगेच शब्द सांगून मोकळे होतात! नाहीच आलं तर वाक्य अर्धं सोडा, "सकाळी उठल्यावर पितो गरम..." तरी अडलं तर "चss". पूर्ण शब्द अगदी शेवटी. आणि नुसते जीभ फिरवायचे व्यायाम दाखवणारी ॲपं तुमच्या कामाची नाहीत. शब्द सापडत नाही ही अडचण आहे, जीभ वळत नाही ही नव्हे. दोन्ही असू शकतं, ते तुमच्या थेरपिस्टला विचारा.

धरमपेठची_लेक: एक विचारू? "गण गण गणात बोते" अख्खं म्हणतात, "पाणी" निघत नाही. असं काऊन?

वाचा_आणि_बोला: पाठ असलेलं आणि चालीवरचं बरेचदा शाबूत राहतं. मेलोडिक इंटोनेशन थेरपी त्याच आधारावर आहे: "पा-णी दे" चालीवर म्हणायचं, डाव्या हातानं ताल धरायचा. थेरपिस्टकडून एकदा बघून घ्या, मग घरी करा.

अडखळ_राजा: जरा विषयांतर. तोतरेपणासाठी कोणी आलं असेल तर डीएएफची ॲपं आहेत, आपलाच आवाज क्षणभर उशिरा कानात येतो. वायरचा हेडफोन घ्या, ब्लूटूथ स्वतःचा उशीर वर घालतो. मला लावलं की बरं वाटतं, काढलं की जैसे थे.

सावजी_रस्सा: आणि फ्री ट्रायल घेतलीच तर सबस्क्रिप्शन लगेच बंद करून ठेवा, नाहीतर कार्डातून पैसे कटत राहतात.

धरमपेठची_लेक: चष्मा, रिमोट, तांब्या, नातीचा फोटो, एवढ्यांपासून सुरू करते. जेलो आजच टाकते.