मचाणावर रात्रभर बसायला हार्नेस कुठला घ्यावा?

कोथरूडचे_काका

नमस्कार मंडळी. वय ५९, वजन ९२ किलो, कमरेचा घेर विचारू नये. बुद्धपौर्णिमेला वनखात्याच्या मचाणावर रात्र काढायचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. चांदण्यात पाणवठ्यावर कोण कोण येतं ते बघायचं आणि तक्त्यात खुणा करायच्या. गेल्या साली रात्रभरात एक साळिंदर, तीन भेकरं आणि सोबतच्या गृहस्थांचं घोरणं, एवढी नोंद झाली.

घोळ झाला तो पहाटे. मांडी घालून बसल्यानं पाय बधिर झाले होते. उतरताना शिडीची पायरी पायाला लागलीच नाही, आणि पाचेक फुटांवरून खाली. डाव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. आता सौ.चा हुकूम आहे: पट्टा बांधणार असाल तर जा, नाहीतर गच्चीतून चंद्र बघा.

म्हणून बोहरी आळीत गेलो. दुकानदारानं दोन चिजा दाखवल्या. एक नुसता कमरपट्टा, स्वस्त. दुसरा खांद्या-मांड्यांवरून जाणारा, इमारतीचे रंगारी घालतात तसा, त्याला लांब दोरी आणि दोन मोठे हूक. ऑनलाइन तिसरा प्रकार दिसला, अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा, जाकिटासारखा, खिसे असलेला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद, आणि खोक्यावर हे भलंमोठं शिंगांचं हरीण! तो घालून गेटवर उभा राहिलो तर वनरक्षकाच्या कपाळाला आठ्या पडतील. शिवाय भाच्याचा तैलबैला चढायचा हार्नेस घरात फुकट पडून आहे. मचाण साधारण १२ फुटांवर असतं. काय घेऊ?

कातळवेडा

काका, फुकट आहे म्हणून तो घालू नका. आमचा हार्नेस कंबर आणि मांड्या धरतो, दोर बांधायची जागा पुढे बेंबीपाशी. पोट सुटलेलं असलं (माफ करा) की पट्टा कमरेच्या हाडाच्या वर टिकत नाही, खाली घसरतो. त्यात पाठीवर सॅक असेल आणि माणूस उलटा झाला, तर त्यातून निसटूही शकतो. छातीचा वेगळा पट्टा जोडला तर चालेल, पण तो नीट जोडता यायला हवा. आणि भाच्याला विचारा, किती वर्षं जुना आहे? उन्हानं नायलॉन आतून मरतं, वरून नवंकोरं दिसतं. गाडीच्या डिकीत बॅटरीच्या अ‍ॅसिडशेजारी पडलेला असेल तर थेट कचऱ्यात.

चाकण_सेफ्टी

कमरपट्टा दुकानातच राहू द्या. तो खांबाला टेकून काम करण्यापुरता असतो. पडलात तर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. पूर्ण अंगाचाच घ्या. लेबलवर आयएस ३५२१ (भारतीय मानक) किंवा ईएन ३६१ (युरोपीय मानक) लिहिलेलं बघा, आणि कमाल वजनही वाचा. आपले ९२, वर दुर्बीण, पाणी, डबा, हे मिळून १०० च्या घरात जातं.

पण त्याच्यासोबतची ती लांब दोरी तुमच्या कामाची नाही. हिशेब करा. दोरी २ मीटर. तिच्यात झटका खाणारी शिवलेली गुंडाळी असते, पडल्यावर ती उसवून लांबते, जास्तीत जास्त पावणेदोन मीटर. हार्नेसच्या पाठीवरच्या कडीपासून (दोरी तिथे अडकते) तळव्यापर्यंत दीड मीटर. झाले सव्वापाच. तुमचं मचाण पावणेचार मीटरवर, त्यावर बसल्यावर डोक्याच्या उंचीला दोरी बांधली तरी पाचच्या आत. म्हणजे दोरी तिचं काम पुरं करायच्या आधी तुम्ही जमिनीवर! मचाणावर दोरी इतकी आखूड हवी की बसल्यावर जेमतेम ढील राहील. ती डोक्याच्या उंचीला, जिवंत खोडाला. मचाणाच्या बांबूला अजिबात नाही. मचाणच निखळलं तर बांबूसकट जाल.

मिशिगनकर

काका, इथे १५ नोव्हेंबरला बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. माझे शेजारी झाडावर बसतात, मी थर्मास घेऊन त्यांच्यासोबत. तुम्ही बसलेले असताना पडला नाहीत, उतरताना पडलात. इथेही चढता-उतरतानाच बरेच जण पडतात. म्हणून हे लोक बसायच्या जागेच्या वर खोडाला एक दोर बांधून तो बुंध्यापर्यंत कायम सोडून ठेवतात. त्यावर प्रुसिक गाठ असते, जमिनीवर असतानाच तिच्यात हार्नेसच्या दोरीचा हूक अडकवायचा. चढताना गाठ हातानं वर सरकवत न्यायची, ताण आला की ती जागीच आवळते. गाठ कायम छातीच्या वर. सकाळी जमिनीला दोन्ही पाय टेकेपर्यंत हूक काढायचा नाही. शिकारीच्या जाकिटाचा फायदा एवढाच, की अंधारात पट्ट्यांचा गुंता होत नाही आणि बकलं वाजत नाहीत. रंगाऱ्याच्या हार्नेसच्या बकलाला कापड गुंडाळा, तेच काम होतं.

एक मात्र विसरू नका. पाठीच्या कडीवर लटकलात तर शिडीकडे वळता येत नाही, आणि पाय हलले नाहीत तर रक्त पायांत साचून काही मिनिटांत घेरी येऊ शकते. खिशात पट्टीचा एक फास ठेवा. लटकल्यावर तो दोरीला अडकवून त्यात पाय घालून उभं राहायचं. आणि सोबत्याला खाली कसं घ्यायचं ते आधी सांगून ठेवा. तो घोरत असेल तर शिट्टीही ठेवा.

कोथरूडचे_काका

मंडळी, आभार. पूर्ण अंगाचा घेतला, आयएस ३५२१ चा. दुकानदार म्हणाला, "दोरी सेटमध्येच येते काका." म्हटलं राहू दे, पण आखूड वेगळी दे. भाच्यानं ११ मिलिमीटरचा दोर आणि प्रुसिकची दोरी आणून दिली. खात्याच्या झाडाला खिळा चालत नाही, दोर बांधलेला चालेल का ते आधीच फोन करून विचारलं. "बांधा, पण जाताना सोडून न्या," म्हणाले.

रविवारी मुळशीला मित्राच्या आंब्यावर तालीम केली. पहिल्यांदा मांडीचे पट्टे ढिले राहिले. भाचा म्हणाला, तळहात सरकला पाहिजे, मूठ नाही. नंतर जमिनीपासून फूटभर मुद्दाम लटकून पाहिलं. पायाचा फास खिशात होता, पण तो खिसा पट्ट्याखाली दबलेला! हात काही पोचेना. आता फास छातीवरच अडकवलाय. मित्राची सात वर्षांची नात खालून विचारत होती, "आजोबा, तुम्ही कैरी काढणार आहात की नाही?"

सौ.नी पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि डब्यात काय हवं ते विचारलं. पाठीची कडी मात्र टेकून बसलं की टोचते. त्यावर काही उपाय आहे का?

कातळवेडा

जुना पंचा घडी करून मध्ये ठेवा.