मदत हवी आहे: लहान डार्ट बेडकांसाठी पहिली काचपेटी

सप्रेम नमस्कार. मी प्रथमच डार्ट बेडूक (मध्य व दक्षिण अमेरिकेतील छोटे, रंगीत, जंगलात विषारी असणारे बेडूक) पाळणार असून, जेमतेम २ सेंटिमीटर लांबीच्या रॅनिटोमेया इमिटेटर या जातीची जोडी ठेवण्याची माझी इच्छा आहे. जंगलात हे बेडूक मुंग्या, माइट (कोळ्यांच्या गटातील सूक्ष्म जीव) अशा खाद्यातून विष मिळवतात आणि बंदिस्त पैदाशीच्या बेडकांमध्ये ते नसते, हे मी जाणतो. त्यामुळे मला काळजी आहे ती विषाची नव्हे, तर त्यांच्या जिवाची.

काचपेटी ४५ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच आहे. तळाशी निचऱ्याचा थर, त्यावर माती व वाळलेली पाने घालून स्प्रिंगटेल (बुरशी व कुजका पाला खाणारे, कीटकांसारखे सूक्ष्म जीव) सोडल्याला सहा आठवडे झाले असून तापमान २४ ते २५ अंश सेल्सिअस राहते. अडचण अशी, की झाकण पूर्ण बंद ठेवल्यास समोरची काच दिवसभर धुरकट राहते आणि थोडे उघडल्यास दुपारपर्यंत शेवाळ सुकू लागते. हवा खेळती राहून ओलावाही टिकावा, यासाठी झाकणाचा किती भाग जाळीचा ठेवावा?

त्याहून मोठी चिंता खाद्याची आहे. उडता न येणाऱ्या फळमाशांच्या माझ्या दोन बरण्या बुरशीने वाया गेल्या. इतक्या छोट्या बेडकांना उपासमार फार काळ सोसत नाही, म्हणून माशांची पैदास सलग दोन महिने सुरळीत चालल्याखेरीज बेडूक आणायचे नाहीत, असे मी ठरवले आहे. नवी बरणी किती दिवसांनी लावावी, बुरशी कशी रोखावी आणि माशांवर कॅल्शियम व जीवनसत्त्वांची भुकटी दर वेळी लावावी का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.