‘मॉकिंगली’ला मराठीत काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल: एका इंग्रजी बालकथेचा अनुवाद करतेय. भाऊ झुरळाला घाबरून पलंगावर चढतो. धाकटी बहीण म्हणते, ‘हाऊ ब्रेव्ह!’ आणि पुढे ‘शी सेड मॉकिंगली’. मी लिहिलं, “किती शूर!” ती कुत्सितपणे म्हणाली. माझ्या लेकीने वाचून विचारलं, “आई, ही व्हिलन आहे का?” शब्दकोशात तर उपहासाने, कुत्सितपणे असंच दिलंय. चुकलं कुठे?

निवृत्त मास्तर: लेकीला पैकीच्या पैकी मार्क. कुत्सितपणा म्हणजे ओठ मुरडून, समोरच्याला तुच्छ लेखून बोलणं. त्याला ‘स्नीअरिंगली’ चालेल. ‘मॉक’ला नकलेचाही अर्थ चिकटलेला आहे. मॉक टेस्टमधला मॉक तोच, आणि इतर पक्ष्यांचे आवाज काढणारा अमेरिकेतला मॉकिंगबर्डही त्यातलाच. आपल्याकडे त्याच्या जवळचा शब्द आहे: वेडावणे. ते रागाने होतं तसं लाडानेही. बत्तीस वर्षं नववीला इंग्रजी शिकवलं. एकदा फळ्यावर लिहिताना मागच्या बाकावरून माझाच खोकला ऐकू आला, दम्यासकट. ते ‘मॉकिंगली’. तुच्छता नव्हती त्यात, अशी आपली माझी समजूत.

तिरकस: आणि ‘डेरिसिव्हली’, सर?

निवृत्त मास्तर: त्यात हेटाळणी आलीच. सोपा झेल सुटल्यावर मैदानभर जो हशा पिकतो, तो. मूळ लॅटिन ‘रिडेरे’, म्हणजे हसणे. आपला ‘उपहास’ही ‘हस्’ धातूचाच. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितलेत, त्यातलं ‘उपहसित’ बघा: नाकपुड्या फुललेल्या, नजर वाकडी. पण ‘डेरिसरी’शी गल्लत नको. ब्रिटनमध्ये कामगार संघटना पगारवाढीला ‘डेरिसरी’ म्हणतात, म्हणजे हसू यावं इतकी तुटपुंजी.

पण ताई, इथे क्रियाविशेषण हवंच कशाला? ‘हाऊ ब्रेव्ह’ नुसतं छापलं तर खरं कौतुकही वाटू शकतं, म्हणून लेखकाला ‘मॉकिंगली’ जोडावं लागलं. आपली पोर ‘किती शूर!’ म्हणेलच कशाला? ती म्हणेल, “मोठा आलाय शूर!” सगळी टिंगल त्या ‘मोठा आलाय’मध्ये.

पाटीपेन्सिल: लेकीला दाखवलं. तिच्या मते “आले मोठे वाघोबा!” हवं. तेच ठेवलं. ‘ती म्हणाली’सुद्धा काढून टाकलं.