चर्चा: शाई शिल्लक असताना प्रिंटर 'संपली' म्हणतो, हे कोणाच्या सोयीचं?

रामबागकर
लेकीच्या प्रोजेक्टांसाठी घरी साधा इंकजेट आहे. परवा काळ्या अक्षरांतला एक अर्ज छापायचा होता, पण निळा संपला म्हणून प्रिंटर अडून बसला. रंगीत कार्ट्रिज एकच, आत तीन कप्पे. एक कोरडा पडला की उरलेले दोन भरलेले असले तरी सगळंच फेकायचं. दोन्ही कार्ट्रिजेस नव्या घ्यायच्या तर जवळजवळ अर्ध्या प्रिंटरचे पैसे. महाग असण्याची तक्रार नाही. माझ्या पैशानं घेतलेलं यंत्र मलाच अडवतं, ते खटकतं.

हिशेबी इंदूरकर
अहो, प्रिंटर स्वस्तात मिळाला तेव्हा कुठे होती ही तक्रार? यंत्र पडत्या भावात विकायचं आणि नफा शाईत काढायचा, हा धंदा उघड आहे. दाढीच्या पात्यांचं हेच चालतं. शिवाय कागदावर शाई फवारणाऱ्या हेडमधली छिद्रं केसापेक्षा बारीक असतात, भलतीसलती शाई भरली की तुंबणारच. मग शिव्या पुन्हा कंपनीला! जास्त छापायचं असेल तर टाकीवाला घ्या. आधी महाग पडतो, पण बाटलीतली शाई परवडते.

जेल रोडवाला
भिया, टाकीवालेही येतात माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर. हेड साफ होताना शाई वाहते, ती तळाच्या पॅडमध्ये जिरते. पॅड खरंच किती भिजलंय हे बऱ्याच मॉडेलांना कळतच नाही, प्रिंटर नुसती मोजणी ठेवतो. आकडा भरला की दिवे लुकलुकतात, काम बंद. गिऱ्हाईक समजतं मशीन गेलं. मी खोलतो, काळंकुट्ट चिंब पॅड काढून नवं बसवतो, आकडा शून्यावर आणतो, की मशीन चालू. काही नव्या मॉडेलांत पॅडची पेटी घरच्या घरी बदलता येते. म्हणजे जमत होतं, करायचं नव्हतं.

हिशेबी इंदूरकर
आणि मोजणी नसती, शाई टेबलावर सांडली असती तर?

जेल रोडवाला
मोजा की! पण पॅड बदलायची सोय द्या ना.

लोकमान्यनगर
कायद्याचं सांगतो. 2017 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात ठरवलं, की कार्ट्रिज एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. ती पुन्हा भरून विकणाऱ्याला पेटंटच्या नावाखाली अडवता येत नाही. पण कार्ट्रिजवरची चिप ओळखून ती नाकारणं हे पेटंटचं काम नाहीच, ते फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर करतं. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये केंद्रानं 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. 2022 चे ई-कचरा नियम एप्रिल 2023 पासून लागू आहेत, त्यात टाकाऊ मालाच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकावर आहे. आपल्या इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पाही वेगळा. हे सगळं वस्तू फेकल्यानंतरचं झालं.

हिशेबी इंदूरकर
चिप नसेल तर बाजारात नकली कार्ट्रिजांचा पूर येईल. 'ओरिजिनल' छापलेल्या खोक्यात काय निघतं, जेल रोडवाल्यांना विचारा.

रामबागकर
नकली ओळखून इशारा द्या, हरकत नाही. 'हमी गेली' म्हणा, तेही चालेल. पुढे छापायचं की नाही हे मी ठरवीन. इशारा आणि कुलूप यांत फरक नाही का?

हिशेबी इंदूरकर
एवढं मान्य. किमतीवर मात्र ठाम आहे.

जेल रोडवाला
रामबागकर, नवी कार्ट्रिज घेतलीत तर आठवड्याला एखादं रंगीत पान काढत जा, हेड सुकणार नाही. मे महिन्यात तर नक्कीच.