'मी काल पणजीला गेलो होतो' : इथे 'हॅड' का चालत नाही?

वाळपईहून
'आय हॅड गॉन टू पणजी येस्टरडे' लिहिलं की पेपरात गुण कापतात. मराठीत 'गेलो होतो' आहे, मग इंग्रजीत 'हॅड' नको? पास्ट परफेक्ट नेमका कधी वापरायचा?

फोंड्याहून
घोळ त्या 'होतो'मुळेच होतो. मराठीत 'गेलो होतो' म्हणजे बऱ्याचदा जाऊन आलो, एवढंच. दुसरी घटना लागत नाही. इंग्रजी 'हॅड'ला ती लागतेच. भूतकाळातला एक क्षण आधी पक्का करायचा आणि त्याच्याही आधी जे घडून गेलं त्याला 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. असा क्षण वाक्यात किंवा आसपास कुठेच नसेल, तर सरळ 'आय वेन्ट टू पणजी येस्टरडे'.

फेरीबोटीचंच बघा. 'व्हेन आय रीच्ड द जेटी, द फेरी लेफ्ट' : तुम्ही धक्क्यावर आलात आणि तेवढ्यात फेरी सुटली. 'व्हेन आय रीच्ड द जेटी, द फेरी हॅड लेफ्ट' : तुम्ही आलात तेव्हा धक्का रिकामा, फेरी केव्हाच पाण्यात. मराठीतही इथे 'सुटली होती'च म्हणतो. म्हणजे 'होती' दरवेळी फसवं नसतं, सोबत दुसरी घटना आहे का तेवढं बघायचं.

वाळपईहून
मग दोन घटना असल्या की पहिलीला 'हॅड' लावायचाच?

मडगावहून
नाही हो. घडलं त्याच क्रमाने सांगत असाल तर साधा भूतकाळ पुरतो. 'आफ्टर'ने क्रम कळतो, म्हणून 'आफ्टर शी पेड द बिल, शी लेफ्ट' बरोबर. 'हॅड पेड'ही चालेल. सांगताना मागे गेलात की मात्र 'हॅड' हवा : 'गोवा बिकेम अ स्टेट इन 1987. द मांडवी ब्रिज हॅड कोलॅप्स्ड द यिअर बिफोर.' पूल पडला 1986 च्या जुलैत, पण सांगितला नंतर.

त्या क्षणापर्यंत चालू असलेल्या गोष्टीलाही तो लागतो : 'व्हेन शी गॉट द जॉब, शी हॅड लिव्ड इन म्हापसा फॉर टेन यिअर्स.' इथे नुसतं 'लिव्ड' चूक.

फोंड्याहून
रूपंही सांभाळा. 'हॅड वेन्ट', 'हॅड केम', 'हॅड एट' ही तिन्ही चूक; 'गॉन', 'कम', 'ईटन' हवं. 'दे हॅड हॅड लंच' बघून खोडू नका, दुसरा 'हॅड' हे 'हॅव'चं तिसरं रूप आहे. आणि 'इफ आय वुड हॅव नोन' नको : 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम'.

वाळपईहून
हे तपासाल? 'व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट. सो वी हॅड टेकन अ रिक्षा.'

मडगावहून
पहिलं बरोबर. रिक्षा स्टँडवर पोचल्यानंतर घेतली ना? मग 'सो वी टुक अ रिक्षा'. 'हॅड टेकन' लिहिलंत तर बस चुकण्याआधीच रिक्षा घेतली असं होतं.